भुवईएवढा कामठा

सासूबाई गेल्या आणि त्यानंतर दीडेक महिन्यानं माझा उजवा हात वर जाईनासा झाला.

लक्षात आलं ते केस बांधताना. शाळेत जायची घाई होती. अंबाडा घालायला हात मागे नेला आणि तो खांद्याशीच अडकला. आतून कुणीतरी कडी लावून घेतल्यासारखा. मी डाव्या हातानं कशीबशी क्लिप लावली आणि निघाले. वाटलं, झोपेत हात अंगाखाली आला असेल, संध्याकाळपर्यंत सुटेल. तो पुढचे कितीतरी महिने सुटला नाही.

चार वर्षं सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळून होत्या. मी वसईला माणिकपूरच्या एका शाळेत ऑफिसात कारकून आहे. मी शाळेत असेपर्यंत एक बाई यायची, त्यांना भरवायची, पुसायची. सकाळ आणि संध्याकाळ माझी. उचलून बसवायचं, कूस बदलायची, खालची चादर ओढून काढायची, नवी सरकवायची. त्या अंगानं भारी नव्हत्या, पण स्वतःला सावरू न शकणारं अंग फार जड असतं. खाटेची डावी बाजू भिंतीला लागलेली होती, त्यामुळे सगळा जोर माझ्या उजव्या हातावर यायचा. खाट फिरवून ठेवावी हे चार वर्षांत मला एकदाही सुचलं नाही. मलाच काय, घरात कुणालाच सुचलं नाही.

त्या गेल्यावर येणारे जाणारे म्हणायचे, "सुटल्या बिचाऱ्या. आता तू जरा आराम कर." मी आराम करायला बसले की पाच मिनिटांत उठायचे आणि त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहायचे. झोप पुरेशी व्हायची, तरी सकाळी उठताना आदल्या दिवशीचा शीण तसाच अंगात असायचा. काही दुखतंय असं नाही, रडू येतंय असंही नाही. नुसतं थकल्यासारखं. भाजी चिरतानासुद्धा मध्येच सुरी ठेवून द्यावीशी वाटायची.

डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सांगितलं आणि व्यायामाला पाठवलं. माणिकपुरातच, शाळेपासून जवळ, एका इमारतीत पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. तिनं खिडकीच्या ग्रिलला एक हिरवा रबरी पट्टा बांधला आणि म्हणाली, "मॅम, हा असा मागे ओढायचा. पंधरा वेळा, तीन सेट. आणि रेग्युलर हं, प्लीज." खिडकीतून खालचा रिक्षास्टँड दिसायचा. मी पट्टा ओढत रिक्षांची रांग पुढे सरकताना बघायचे. सहा आठवडे मी तेच केलं. हात कानाच्या खालपर्यंत जाऊ लागला, पण त्या पट्ट्याचा इतका कंटाळा आला होता की क्लिनिकच्या जिन्याशी आल्यावर पाय उचलायला नको वाटायचं.

एका संध्याकाळी बाहेर लवकर अंधारलं होतं आणि खिडकीच्या काचेत मला माझं प्रतिबिंब दिसलं. डावा हात पुढे ग्रिलवर टेकलेला, उजवं कोपर मागे गेलेलं, मान किंचित तिरकी. त्या उभं राहण्याची ओळख पटायला मला एक क्षण लागला. माझे वडील असे उभे राहायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

माझं माहेर चांदीपचं. आमचं शेत गावाच्या वरच्या अंगाला आहे, त्याच्याही वर वारल्यांचा पाडा. भाताच्या दिवसांत रानडुकरं उतरायची म्हणून अण्णांकडे एक धनुष्य असायचं. आमच्याकडे त्याला कामठा म्हणतात. धामणीच्या लाकडाचा, आखूड, हाताच्या घामानं मधोमध काळा झालेला. पाड्यावरच्या एकांनी तो करून दिला होता. त्यांना अख्खं गाव बाबाच म्हणायचं, अजूनही म्हणतं. दहा वर्षांची असताना मी तो कामठा निम्मा ओढू शकायचे. अण्णा मागे उभे राहून हसायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं जेव." पुढे मी मोठी झाले, मला कुणी ओढू दिला नाही, मीही मागितला नाही. लग्न होऊन गिरीजला आले. अण्णा गेले, आणि गोठ्याच्या दारावर टांगलेल्या त्या कामठ्याला वाळवी लागली.

मी त्या मुलीला विचारलं, "या पट्ट्याऐवजी धनुष्याची दोरी ओढली तर चालेल का?"

"मॅम, सिरियसली?"

"सिरियसली."

तिनं माझा हात धरून दोनतीनदा फिरवून पाहिला. "हलकं असेल तर चालेल. जोर लागता कामा नये. आणि दुखलं की थांबायचं."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो आमची वाडी बघतो, केळी आणि थोडी भाजी. आधीच कमी बोलणारा माणूस, आई गेल्यापासून आणखी गप्प झाला होता. तो जेवता जेवता थांबला. "धनुष्य?" एवढंच म्हणाला. मग हात धुऊन आल्यावर म्हणाला, "रविवारी नेतो चांदीपला."

चांदीपचं शेत आता माझा धाकटा भाऊ बघतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं ताई, ऑनलाइन मिळतात. दोन दिवसांत घरपोच येईल." मी म्हटलं, मला बाबांकडूनच हवंय. तो हसला. पण रविवारी आम्ही पोचलो तेव्हा त्यानं बाबांना सांगून ठेवलेलं होतं.

बाबा अंगणात बसून बांबूच्या कांबी तासत होते. पंचाहत्तरी ओलांडली असावी. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. शेजारी दहाबारा छोटे कामठे पडले होते, रंगीत दोऱ्या गुंडाळलेले. "रिसॉर्टवाले नेतात," ते म्हणाले. "भितीवर लावायला. वढायचा नसतोच तो, कसा बी वाकवला तरी चालतो." मग माझ्याकडे वळून, "कोनासाठी पायजे?"

"माझ्यासाठी."

ते हसले नाहीत. "उजवा हात ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आल्यापास्नं पोटाशी धरून उभी हायेस."

त्यांनी एक सरळ कांब उचलली, तिचं टोक माझ्या छातीच्या वरच्या हाडाला लावलं आणि म्हणाले, "आता दोनी हात पुढं कर. कांब दोनी हातांच्या मधी धर. जाईल तिथवर जाऊ दे." डावा हात सरळ पुढे गेला. उजवा चार बोटं अलीकडेच थांबला. त्यांनी कोयत्यानं कांबेवर दोन खुणा केल्या.

"हा डावा, हा उजवा. तीर उजव्याच्या मापाचा करायचा."

"पण उजवा बरा होणार आहे," मी म्हटलं.

"व्हईल तवा व्हईल. कामठा आजच्या हाताचा असतो."

मग लाकडाची गोष्ट निघाली. मी काय हवं ते घरूनच ठरवून गेले होते. धामणीचा, आखूड, अण्णांचा होता तस्सा. बाबांनी मान हलवली. "अन्नाचा तुला मानवायचा नाय. धामन लई चिवट. तिला वाकवायला तसे खांदे लागतात. आनि आखूड कशाला? तुझा बाप डुकराच्या मागं झुडपात शिरायचा. लांब कामठा फांदीत अडकतो. तू कुठं शिरनार?"

त्यांनी एक कांब दोन हातांत धरून वाकवून दाखवली, मग तिचाच निम्मा तुकडा वाकवला. "बघ. आखूड असला की थोडा वढला तरी लई वाकतो. लाकडाला ताप, दोरीत बोटं चिमटतात. लांब असला की समदीकडून थोडा थोडा वाकतो. हाताला कळत बी नाय. तुला लांब पायजे. आनि बांबूचा."

ते सांगत होते ते मला समजत होतं. पण चार वर्षं मी औषधांच्या वेळा, कूस बदलायच्या वेळा, त्या कामाच्या बाईच्या सुट्ट्या, अशा दुसऱ्यांच्या मापानं जगले होते. मला एक गोष्ट माझ्या मनासारखी हवी होती. मी म्हटलं, "मला धामणच हवी."

बाबांनी भावाकडे पाहिलं. भावानं खांदे उडवले.

"बरं," बाबा म्हणाले. "पन थांबावं लागंल."

आमच्या बांधावर एक धामण आहे, बुंध्यापासून दोन फांद्यांत फुटलेली. त्यातली एक मनगटाहून जाड आणि बऱ्यापैकी सरळ होती. बाबांनी ती खालून वर हात फिरवून चाचपली, कुठे गाठ आहे का ते बघितलं, मग भावानं तोडली. बाबांनी पाचर ठोकून तिचे उभे दोन भाग केले. दोन्ही भागांची टोकं शेण आणि मातीनं लिंपली. टोकांकडून लवकर सुकलं तर लाकूड तडकतं म्हणाले. मग ते आमच्या पडवीत, ऊन येणार नाही अशा जागी आडवे ठेवले. "आता मार्गेसर हाय. पाऊस तोंडावर येईल तवर हात लावायचा नाय."

म्हणजे पाच-साडेपाच महिने.

मी पाच आठवडे थांबले. मग भावाला फोन केला, "त्यातला एक भाग मला आणून दे."

"बाबांना विचारतो."

"नको विचारूस."

माझा आवाज बहुधा चढला असावा. तो दुसऱ्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाकूड घेऊन आला आणि चहा न घेताच गेला.

शाळेच्या मागच्या गल्लीत एक सुतार आहे, फर्निचरची कामं करतो. त्याला मी मोबाइलवर धनुष्याचं चित्र दाखवलं. लांबी सांगितली, माझ्या बरगडीपर्यंत. अण्णांचा तेवढाच होता अशी माझी आठवण. तो म्हणाला, "एकदम फिनिशिंग करके देता हूँ, मॅडम." आणि खरंच त्यानं सुरेख काम केलं. दोन्ही बाजूंनी रंधा मारलेला, वर पॉलिश. हात फिरवला तर काचेसारखं लागायचं. मी ते घरी घेऊन आले तेव्हा मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी वाडीत टाकीजवळ उभी राहून मी दोरी चढवली. चढवतानाच घामाघूम झाले. पहिल्यांदा थोडंसं ओढलं, सोडलं. मग वाटलं, आणखी थोडं. वाळकी झावळी मोडावी तसा आवाज आला आणि वरचा तुकडा माझ्या डोळ्याखाली बसला. मी मटकन खाली बसले. नवरा केळीतून धावत आला, हाताला चिखल होता, तो तसाच माझ्या तोंडाला हात लावत होता. "डोळा उघड. उघड डोळा आधी." डोळा शाबूत होता. गाल फाटला होता, थोडाच. त्यानं टाकीतलं पाणी ओंजळीनं मारलं.

आणि मी रडायला लागले. गालासाठी नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. सासूबाई गेल्या तेव्हा माणसं यायची होती, स्वयंपाक होता, दहाव्या-तेराव्याची तयारी होती. रडायचं राहून गेलं होतं. आता चिखलात बसून मी मोठमोठ्यानं रडत होते आणि शेजारच्या वाडीतली बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. नवऱ्यानं तिला हातानंच जायला सांगितलं आणि माझ्याजवळ बसून राहिला.

सोमवारी शाळेत सगळ्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, धनुष्य तुटून लागलं. कुणाचा विश्वास बसला नाही. मधल्या सुट्टीत आमच्या हेडक्लार्कबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना? काही असेल तर सांगा." मला हसू आलं, हसल्यावर गाल दुखला. त्यांना पटवायला मी शेवटी तुटलेल्या तुकड्यांचा फोटो दाखवला. तरी त्या आठवडाभर माझ्याकडे काळजीनं बघत होत्या.

पुढच्या रविवारी मी ते तुकडे पिशवीत घालून बाबांकडे गेले. नवरा बरोबर होताच. बाबांनी तुकडे मांडीवर घेतले आणि तुटल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले. 

"कोनी तासलं?"

"सुतारानं."

"त्याचा दोष नाय. त्याला टेबल ठावं." त्यांनी माझं बोट धरून लाकडाच्या पाठीवर, ओढताना बाहेर राहते त्या बाजूवर फिरवलं. "ह्या शिरा बघ. हितनं निघाल्यात, हितं कडेला संपल्यात. पाठीची शीर या टोकापास्नं त्या टोकापातूर अखंड पायजे. रंध्यानं कापली की तिथंच उकलतं." मग तुटका भाग माझ्यापुढे केला. "ओठाला लाव."

मी लावला.

"गार लागतंय ना? आत पानी हाय अजून."

"बाबा, चुकलं माझं."

 तुकडे त्यांनी चुलीच्या बाजूला ठेवून दिले. थोड्या वेळानं म्हणाले, "धा वर्षांत कोनी वढायचा कामठा मागितला नाय. तू मागितलास. मला बी हौस आली व्हती." तेव्हा मला खरी लाज वाटली. माझ्या थकव्यात मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. रंगीत दोऱ्या गुंडाळून गुंडाळून त्यांची बोटं सोलवटलेली होती.

"बांबूचा करू," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाल तेवढा लांब."

"बांबू पन सुका पायजे. माझ्याकडं हाय तो ओला. भितीवरल्याला चालतो."

नवरा पायरीवर बसला होता.  तो म्हणाला, "टेकूचे बांबू आहेत आमच्याकडे. केळीचा घड वाढला की झाडाला टेकू द्यावा लागतो ना, त्यासाठी दर थंडीत तोडून ठेवतो. गेल्या वर्षीचे पाचसहा शेडमध्ये तसेच आहेत."

बाबा पहिल्यांदाच त्याच्याकडे पूर्ण वळले. "किती पावसाचा?"

"तीन. कोवळा तोडत नाही मी, घडाच्या वजनानं पिचतो."

"कीड?"

"नाही. अवसेच्या आसपास तोडलेले."

"बेटाच्या मधला का कडंचा?"

"कडेचा. मधला सरळ असतो पण पातळ."

दोघं असे बोलत बसले आणि मी बाजूला झाले. सव्वीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याला एवढं सलग बोलताना फार कमी वेळा ऐकलंय.

घरी आल्यावर त्यानं शेडमधले बांबू एकेक करून बाहेर काढले. प्रत्येकाचं खालचं टोक दगडावर आपटून आवाज ऐकायचा आणि बाजूला ठेवायचा. मी सुपारीच्या बुंध्याला टेकून बघत होते. चौथा बांबू आपटताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईला मी उचलायला हवं होतं."

"तुम्ही वाडीत असायचात."

"सकाळी सातला वाडीत काय आग लागली होती?"

"असू द्या" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. चार वर्षं मी तेच म्हणत आले होते. त्या दिवशी म्हटलं नाही.  त्यानं पाचवा बांबू आपटला, त्याचा आवाज खणखणीत आला. तो त्यानं माझ्या हातात दिला. "हा बघ." जड होता. डाव्या हातानं धरावा लागला.

त्याचा खालचा, जाड भिंतीचा भाग आम्ही माझ्या उंचीहून थोडा जास्त ठेवून कापला. चांदीपला नेताना मी तो स्कूटरवर मागे उभा धरून बसले होते. हायवेच्या सिग्नलला एक ट्रकवाला वरून वाकून बघत राहिला.

बाबांनी बांबू उभा चिरला. मग मला भिंतीशी पाठ लावून उभं केलं आणि चिरलेली एक पट्टी माझ्या शेजारी. मला वाटलं होतं, लांबी ठरवायची म्हणजे एक खूण करायची आणि कापायचं. त्यांनी आधी पट्टीवरच्या गाठी मोजल्या. हातात धरायची जागा दोन गाठींच्या मधोमध यायला हवी, आणि वर जेवढ्या गाठी तेवढ्याच खाली. नाहीतर एक बाजू ताठ राहते आणि दुसरीवर सगळा भार येतो. त्या हिशेबानं त्यांनी पट्टी वरखाली सरकवून पाहिली. एकदा ती माझ्या डोक्याच्या वर गेली, एकदा हनुवटीशी आली.

"हनुवटीपर्यंतचा चालेल की," मी म्हटलं. "हलका होईल."

"हलका नाय व्हत, कडक व्हतो. हलका करायचा तो पातळ करून. लांबी नाय तोडायची." त्यांनी पट्टी पुन्हा सरकवली. "ही बघ. भिवईला आली. तुला एवढा."

भुवईपर्यंत. दोन गाठी वर, दोन खाली, आणि दोरी अडकवायला टोकं. त्यांनी कोयत्याच्या दोन घावांत पट्टी कापली.

पुढचे तीन रविवार त्यात गेले. बांबूची बाहेरची गुळगुळीत साल पाठीला ठेवायची, तिला ओरखडाही पडू द्यायचा नाही. कोरायचं ते आतून. सुरुवातीचं बाबांनी कोयत्यानं केलं, मग मला फुटक्या काचेचा तुकडा दिला. त्यानं मी आतली बाजू खरवडायचे, भुसा मांडीवर पडायचा. दर थोड्या वेळानं ते सैल दोरी लावून, पट्टीचा मधला भाग पायाखाली धरून, दोरी जरा वर ओढायचे आणि मला लांब उभं राहून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायला सांगायचे. त्यांच्या डोळ्याला तेवढं दिसत नव्हतं.

"वरचा वाकत नाही तेवढा," मी सांगायचे.

"आळशी हाय तो. तिथं खरवड. चार हात, जास्ती नाय."

चार वेळा खरवडायचं आणि पुन्हा बघायचं. तिसऱ्या रविवारी दुपारी माझा खांदा भरून आला. मी काच खाली ठेवली.

"थकलीस?"

"हो."

"मी बी," बाबा म्हणाले, आणि भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. मीही पाय पसरले. त्यांच्या सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आम्ही दोघं तशीच बसून राहिलो. उठून काहीतरी करायला हवं असं मला त्या दुपारी वाटलं नाही.

दोरी त्यांनी जुन्या पद्धतीनं बांबूच्या सालीची करायची म्हटली होती, पण नवरा वसईच्या जाळ्यांच्या दुकानातून नायलॉनची घेऊन आला. बाबांनी ती दातानं ओढून पाहिली आणि म्हणाले, "ही बरी." तीर त्यांनी आधीच करून ठेवले होते, पाच, उजव्या हाताच्या खुणेएवढे.

भावाच्या कापलेल्या भातशेतात पेंढ्याचा एक मोठा भारा उभा केला. मी वीस पावलांवर उभी राहिले. बाबा म्हणाले, "कानापातूर नाय. छातीपातूर. बास."

दोरी ओढली. जोर लागला, पण खांद्याच्या आतली ती कडी मध्ये आली नाही. कामठा भाकरीच्या कडेसारखा सगळीकडून वाकला. दोरी सोडली. तीर भाऱ्याच्या चार पावलं अलीकडेच जमिनीत घुसला. दुसरा बाजूनं गेला. तिसरा भाऱ्याला लागला आणि खाली पडला. चौथ्यानंतर खांदा ठणकायला लागला. मी थांबले.

"आणखी एक आहे," भाऊ म्हणाला.

"नको. उद्या शाळा आहे."

बाबांनी माझ्या हातातून कामठा घेतला, एकदा ओढून पाहिला. "मऊ हाय," ते म्हणाले. तक्रार होती की समाधान, कळलं नाही. मग तो उन्हातून बाजूला पडवीत ठेवायला घेऊन गेले. मी त्यांना विचारलं की काय देऊ, तर म्हणाले, येताना एक मोठं केळफूल आन, सुनेला आवडतं. आम्ही पुढच्या वेळी चार नेली.

आता मी महिन्यातून दोनतीन रविवार जाते. कधी आठदहा तीर होतात, कधी एकही नाही. एकदा नुसती जाऊन भावाच्या ओट्यावर झोपले आणि परत आले. हात अजून पूर्ण वर जात नाही. अंबाडा जमत नाही, मी केस कापून घेतले. क्लिनिकमधली मुलगी म्हणाली, एवढं आलं हेच खूप आहे, आणखी सहा महिने लागतील. थकवा गेला असं मी म्हणणार नाही. आठवड्याचे काही दिवस तो नसतो.

परवाच्या रविवारी नवऱ्यानंही ओढून पाहिला. मी नको सांगितलं तरी त्यानं तीर कानापर्यंत नेला. तीर भाऱ्यावरून गेला, बांधही ओलांडून गेला. आम्ही दोघं शोधायला निघालो. ऊन उतरलं होतं, कापलेल्या भाताची खुंटं पायांना टोचत होती. तो एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, वाकून, खाली बघत. एका ठिकाणी बगळ्याचं पीस सापडलं, एका ठिकाणी प्लास्टिकची बाटली. तीर काही सापडला नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "बाबा करून देतील."

"थांब, त्या टोकापर्यंत जाऊन येतो," तो म्हणाला आणि गेला. मी बांधावर बसले आणि तो परत येईपर्यंत वाट बघत राहिले.